व्हार्निशवाल्या पेंटिंगच्या फोटोत पांढरा चट्टा येत असेल तर
आमचे काका तबलजी, रियाझ झाला की अ‍ॅक्रिलिक रंगवतात आणि ती चित्रं विकायचं काम माझ्या गळ्यात. ग्लॉस व्हार्निशमुळे प्रत्येक फोटोत मधोमध पांढरा चट्टा यायचा. फ्लॅश बंद केला, उन्हात नेलं, तिथे तर अजूनच चमकलं. डोकं फिरायची वेळ आली.

जमलं ते असं: आधी घरातले सगळे दिवे बंद. पेंटिंग सरळ उभं, खिडकी त्याच्या एका बाजूला, समोर नाही, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल. मग फोनच्या मागे काळी चादर (काकूंनी धरली, कुरकुरत), कारण तो चट्टा म्हणजे समोरच्या उजेडाचंच प्रतिबिंब. मग २ मीटर मागे जाऊन २एक्स झूम, ३ सेकंदांचा टायमर. चट्टा गायब, ब्रशचे फटकारेसुद्धा दिसतात आता.