उद्या सकाळी पाहुणे? आधी चणे भिजवा

चणे. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. आधी उठा, डब्यातले काळे चणे धुऊन पाण्यात टाका, मग या.

मागच्या हिवाळ्यात बायकोचे मामा-मामी पुण्याहून सकाळच्या गाडीने आले. आठ दिवस फोनवर माझी फुशारकी सुरू होती, की या तर खरं, नागपूरचा तर्रीपोहा, म्हणजे पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा, काय असतो ते दाखवतो. कांदे आणले, शेव आणली, हौसेने नवी कढई आणली. पहाटे साडेपाचला डबा उघडला तर चणे कोरडे, डब्यात खडखड वाजून राहिलेले. उकळत्या पाण्यात तासभर ठेवले, कुकरला नऊ शिट्ट्या दिल्या. मामांनी पहिला चणा तोंडात घेतला, या गालातून त्या गालात नेला, परत आणला आणि शेवटी हळूच रुमालात काढून ठेवला. मामी म्हणाल्या, "जावईबापू, रस्सा मात्र छान झालाय हो."

तेव्हा, चणे. आठ माणसांना पाव किलो. फुगून दुपटीच्या वर होतात, म्हणून भांडं मोठं घ्या आणि पाणी चण्यांच्या चार बोटं वर. आठ-दहा तास लागतातच. तासभर गरम पाण्यात ठेवून माझ्या चण्यांचा आतला दाणा तसाच राहिला. चणे जुने असतील तर अजून वेळ. मी वर शहाणपणा करून कुकरमध्ये टोमॅटोही टाकला होता. आंबट पडलं की चणा शिजायचं नाव घेत नाही, म्हणून टोमॅटो रश्शात, चणे शिजल्यावर. मे महिन्यात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका. नागपूरचा उन्हाळा आहे, सकाळी फेस आणि वास येतो. दोन-तीन तासांनी पाणी बदला आणि फ्रिजमध्ये सरकवा. भिजवले का? मोबाईलवर रात्री नऊचा गजर लावून ठेवा. मी आता लावतो.

पोहे जाड घ्या, अर्धा किलो. पातळ पोह्यांवर रस्सा पडला की लगदा होतो. कांदे, आलू, मिरच्या, कढीपत्ता, हे काय सांगायचं. सांबार भरपूर. पुण्याच्या पाहुण्यांसमोर सांबार म्हटलं की ते इडली शोधतात, त्यांच्यापुरतं कोथिंबीर म्हणा. थंडीत बाजारात तुरीचे सोले, म्हणजे ओले दाणे, आले असतील तर मटाराच्या भानगडीत पडू नका, मूठभर सोले फोडणीत टाका. तिखट भिवापुरी मिरचीचं असेल तर हात आखडता ठेवा. पुणेकर मामा होते हे लक्षात घ्या.

तर्रीचं वाटण रात्रीच करा. कांदा तव्यावर काळपट होईस्तोवर भाजा, सुकं खोबरं, खसखस, धने, कलमी (म्हणजे दालचिनी), लवंग, थोडं दगडफूल वेगवेगळं भाजा, मग आलं-लसूण घालून सगळं बारीक वाटा. सगळं एकदम भाजायला टाकलं की खसखस जळते आणि खोबरं कच्चं राहतं. सकाळी तेल सढळ हाताने. इथे काटकसर करायची असेल तर उपमा करा. वाटण कडेने तेल सोडेपर्यंत परता, तिखट घालताना आच कमी, आणि पाणी गरमच ओता. बारीक आचेवर उकळू दिलं की तेल आपोआप वर येतं, ती तर्री. चणे शिजवलेलं पाणी फेकू नका, तेच रश्शात. अर्थात चणे शिजले असतील तर. शिजायला भिजलेले असावे लागतात, हे मी सांगितलं बहुतेक.

नाहीच भिजवले? मग हट्ट करू नका बाप्पा. मी हट्ट केला. सकाळी चणे कोरडे दिसले तर डबा बंद करा आणि बेत बदला. मोहरी, जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता, कांदा ही फोडणी सगळीकडे चालते. त्यात भाजलेला रवा आणि दुप्पट-अडीचपट गरम पाणी गेलं की उपमा, रात्रीच्या पोळ्या कुस्करून टाकल्या की फोडणीची पोळी, भिजवून पिळलेले मुरमुरे टाकले तरी पोट भरतं. रवा मात्र आदल्या दिवशीच भाजून डब्यात भरा. भाजणी असेल तर थालीपीठ, नसेल तर ज्वारीच्या पिठात थोडं बेसन आणि कांदा घालून धिरडी. सोबत जवसाची चटणी ठेवली की पाहुण्यांना वाटतं हाच मूळ बेत होता. इडलीचा विचार असेल तर थंडीत पीठ संध्याकाळी वाटून ठेवणं उशिराचं ठरतं, डिसेंबरात ते सकाळपर्यंत फुगत नाही, दुपारीच वाटा. मे महिन्यात उलट, पाच-सहा तासांत भांड्याबाहेर. आणि काहीच जमलं नाही तर गाडी काढून नागपुरातल्या कस्तुरचंद पार्कच्या पोह्यांच्या टपरीवर पाहुण्यांना घेऊन जा. आम्ही तेच केलं. मामांनी दोन प्लेट खाल्ल्या, वर तर्री मागून घेतली, आणि त्यातला चणा बोटाने दाबून माझ्याकडे बघितलं.

सकाळचं थोडक्यात. चणे कुकरला, पाच-सहा शिट्ट्या, एक दाबून बघा. रस्सा उकळत ठेवा. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळू द्या, भिजत घालू नका. मीठ-साखर तिथेच लावून घ्या. फोडणीला शेवटी, पाहुणे आंघोळीला गेले की. वाफ एकच. शेव, कांदा, लिंबू ताटलीत. चहाचं कोणीतरी दुसऱ्याने बघावं.