जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल: या चुका टाळा

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर जिवापाड जपणारी माणसंही ब्रेक ऑइल बदलत नाहीत, फक्त कमी झालं की वरून भरतात. माझ्या मते सगळ्यात धोक्याची चूक हीच. डॉट ३ आणि डॉट ४ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची श्रेणी) ही ग्लायकॉल या रसायनाची ऑइलं हवेतली ओल शोषून घेतात. ताज्या डॉट ३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही किमान अट १४० अंशांवर येते. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना ड्रम तापले की असं ओलावलेलं ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला. हाती उरतो फक्त हँडब्रेक.

गाडी उभीच असते म्हणून ऑइल टिकतं असं नाही. उलट ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात, खड्डे पडतात. किलोमीटर मोजू नका, दर दोन वर्षांनी पूर्ण ऑइल बदला. फोडून ठेवलेला जुना डबा वापरू नका.

दुसरी चूक डॉट ५ची. हे जांभळं सिलिकॉन ऑइल पाणी शोषत नाही, रंगही खात नाही, म्हणून मोह पडतो. पण ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही. आत शिरलेलं पाणी खालच्या भागात साचून तिथेच गंज धरतं, आणि बारीक बुडबुडे अडकले की पेडल स्पंजासारखं लागतं. सगळे रबर नवे आणि लाइन पूर्ण साफ असेल तरच त्याचा विचार करा. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच आहे, नावावरून फसू नका. आपल्या रस्त्यांवर चांगलं डॉट ४ पुरतं.

इंजिन ऑइल किंवा पेट्रोल सिस्टीममध्ये गेलं तर रबर फुगतात. मग सगळे बदलावेच लागतात. अपवाद फ्रेंच सिट्रोएन डीएसच्या नंतरच्या गाड्यांचा. त्यांना एलएचएम हे हिरवं खनिज तेलच लागतं.

ब्रेकच्या लाइनमधली एअर (हवा) काढताना पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरच्या (पेडल ज्याला दाबतं तो मुख्य सिलिंडर) नेहमी न वापरल्या जाणाऱ्या, गंजलेल्या भागावर रबर घासून फाटतं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करा. आपल्याकडे ते सहसा मागचं डावं.

दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातंय, पण ऑइल कमी होत नाही? मास्टर सिलिंडरची किट (आतले रबर) गेली. ऑइल कमी होतंय आणि बाहेर थेंब नाही? ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (चाकातल्या ब्रेक सिलिंडरचं) धूळरबर उचलून बघा. ब्रेक सोडल्यावरही चाक जाम असेल, तर त्या चाकाचा ब्लीडिंग निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकलाय: बहुतेक वेळा रबरी होज (नळी) आतून फुगलेला असतो, नाहीतर पेडलला मोकळी चाल उरलेली नसते.