नव्या नगरसेवकांनो, प्रभागाचा विकास करताना या चुका टाळा

महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, स्थापत्य विभागात, नोकरीची बहुतेक वर्षे गेल्यामुळे सर्व पक्षांचे नगरसेवक जवळून पाहता आले. प्रभागरचना बदलते, चेहरे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात.

सर्वांत महागडी चूक म्हणजे गल्लीबोळांचे सरसकट काँक्रिटीकरण. हे काम चटकन दिसते आणि त्यावर नामफलक लावता येतो, म्हणून नवा नगरसेवक पहिले पत्र त्याचेच देतो. परंतु जुना डांबरी थर न खरवडता त्यावरच काँक्रीट ओतले, की रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच होतो. एका जुन्या वस्तीत, मार्चअखेर निधी वाया जाईल या धास्तीने, असेच काम उरकण्यात आले. आधी खोदाई करून पातळी राखावी आणि जीर्ण ड्रेनेज लाइन बदलून घ्यावी, असे कनिष्ठ अभियंत्याने लेखी कळवले होते. त्यावर ‘उद्घाटनाची तारीख ठरली आहे’ एवढेच उत्तर आले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी उंबरठे ओलांडून स्वयंपाकघरांत शिरले, मग लोकांनी दारांत विटांचे बांध घातले आणि वृद्धांना घराबाहेर पडणेही कठीण झाले. दिवाळीनंतर ड्रेनेज लाइन तुंबली तेव्हा तोच रस्ता मधोमध फोडावा लागला, आणि दुरुस्तीनंतर त्यावर दुसरा नामफलक लागला.

पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, तयार होण्यापूर्वी भर पावसात गल्लीतून एकदा चालत जावे आणि पाणी कोठे साचते, कोणत्या चेंबरमधून वर येते, हे रहिवाशांनाच विचारावे, अशी माझी सवय होती. पाणीपुरवठा, मलनिस्सारण आणि वीज कंपनी यांना पुढील काळात तेथे खोदाई करायची नाही, हे लेखी घेतल्याशिवाय मी पुढे जात नसे. यात एखादा पावसाळा जातो, आणि ज्यांना तेवढाही धीर नाही त्यांनी रस्त्याच्या कामाला हात घालू नये.

दुसरी चूक फलकावर दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे. ती म्हणजे विकास आराखडा, अर्थात कोणती जागा मैदान, शाळा अशा सार्वजनिक कामांसाठी राखीव आहे हे दाखवणारा शहराचा नकाशा, कधीच न उघडणे. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार, आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा ताब्यात आली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. बाकडी आणि कापडी पिशव्या वाटण्यात नगरसेवक गुंतलेला असताना मैदानाची जागा अशीच हातातून जाते. निवडून आल्यावर पहिल्या महिन्यातच प्रभागातील आरक्षणांची यादी बांधकाम विकास विभागाकडून मागवावी, प्रत्येक जागेला स्वतः भेट द्यावी, आणि नोटीस आली आहे का, हे सभागृहात लेखी प्रश्न विचारून नोंदवून घ्यावे.

पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत आहे. ती चांगलीच आहे, पण अर्ज भरणाऱ्या चार सोसायट्या म्हणजे संपूर्ण प्रभाग नव्हे. वस्तीतील बाई अर्ज भरायला येत नाही. तिच्या नळकोंडाळ्यापाशी जावे लागते.

पथविक्रेत्यांना तक्रार येताच सरसकट हटवू नये. 2014 च्या कायद्यानुसार आधी सर्वेक्षण, आणि शहर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य पथविक्रेते असणे आवश्यक आहे. खतनिर्मितीचे यंत्र चालवणारा माणूस नेमलेला नसेल तर यंत्र घेऊ नये. झाडांच्या बुंध्याला पेव्हिंग ब्लॉक भिडवू नयेत. ओपन जिमबद्दल मी काही बोलत नाही.

चार सदस्यांच्या प्रभागात एकाच गल्लीसाठी दोन सदस्य दोन पत्रे देतात आणि दोन्ही कामे अर्धवट राहतात, म्हणून पत्र देण्यापूर्वी उरलेल्या तिघांना फोन करावा, मग ते विरोधी पक्षाचे असले तरी.

काम पूर्ण झाल्यानंतरच्या ठरावीक मुदतीत, म्हणजे दोषदायित्व कालावधीत, ठेकेदाराने दुरुस्ती स्वखर्चाने करायची असते, हे अनेकांना पहिल्या कार्यकाळाच्या शेवटी कळते, आणि तोवर त्याच खड्ड्यांसाठी नवी निविदा निघालेली असते. प्रत्येक कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत स्वतःजवळ ठेवावी, कालावधी संपण्याची तारीख तिच्यावर लाल शाईने लिहावी, आणि त्याआधीच्या पावसाळ्यानंतर अभियंत्याला सोबत घेऊन पाहणी करावी.