१,२३,४५,६७,८९० चे अवयव पाडताय? या चुका टाळा

ही संख्या दिसायला गरीब. पण अवयव पाडायला बसलं की बहुतेकांची गाडी त्याच त्या ठिकाणी अडते.

आधी वाचन. १,२३४,५६७,८९० असे परदेशी पद्धतीचे स्वल्पविराम दिसले की काही जण सरळ बारा कोटी म्हणून मोकळे होतात. उजवीकडचे तीन अंक सोडून दोन-दोनचे गट पाडा: एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद.

शेवटी ० आहे, म्हणजे २ आणि ५ आलेच. शेवटच्या ९० ला ४ ने भाग जात नाही, तेव्हा २ एकदाच घ्यायचा. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. (दहाही अंक एकेकदा घेऊन कसेही उलटसुलट मांडा, बेरीज ४५च, त्यांत मूळ संख्या शोधत बसू नका.) इथे हुरळून बेरजेची कसोटी २७ लाही लावतात. ती तिथे चालत नाही: १८९९ च्या अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी ९.

९० ने भागल्यावर उरतात १,३७,१७,४२१. खरी फसगत इथेच. ७, ११, १३ करत शंभरपर्यंत भागून पाहायचं, भाग जात नाही म्हटल्यावर ‘मूळ संख्या’ लिहून वही मिटायची! अहो, वर्गमूळापर्यंत जावं लागतं, आणि ते आहे ३७०३ च्या किंचित पुढे. पहिला भाग जातो ३६०७ ने, म्हणजे ५०४ व्या मूळ संख्येने. हाताने एवढे भागाकार कोण करणार?

त्यापेक्षा फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरा. वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा, पूर्ण वर्ग उरतो का पाहा. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६, वजाबाकी २१९५. जमत नाही. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. वजाबाकी ९६०४, म्हणजेच ९८ चा वर्ग. मग अवयव ३७०५ − ९८ आणि ३७०५ + ९८, अर्थात ३६०७ आणि ३८०३. दोन्ही मूळ. दोन फेऱ्यांत काम फत्ते झालं ते दोघे जवळजवळ आहेत म्हणून. लांब असते तर हीच रीत भागाकारापेक्षाही रखडली असती.

आता २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३ वरून विभाजक मोजताना घातांकांची बेरीज करून ६ लिहू नका. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: २ × ३ × २ × २ × २ = ४८.

या मूळच्या दहा अंकी संख्येचा वर्ग काढायला एक्सेल उघडलंत, तर ते डावीकडचे पंधराच अंक जपतं आणि पुढे शून्यं भरतं: १५२४१५७८७५०१९०५००००. ताळा सोपा आहे. शेवटच्या ७८९० चा वर्ग ६,२२,५२,१००, म्हणजे उत्तराच्या शेवटी २१०० हवेच. खरा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१००.