गुडघा बदलताना टूर्निकेट बांधताय? या चुका टाळा

टूर्निकेट म्हणजे ऑपरेशनवेळी पायातलं रक्त थांबवणारा, मांडीवर बांधून हवेने फुगवायचा पट्टा, म्हणजेच कफ. ऑपरेशन थिएटरमध्ये नव्याने आलेल्या मुलांना तो बांधणं म्हणजे बीपीचा पट्टा बांधण्याइतकं किरकोळ काम वाटतं. दोन मिनिटांत उरकतात. त्या दोन मिनिटांची घाई पेशंट पुढे पंधरा दिवस भोगतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ओला वेलबँड, म्हणजे कफखाली मांडीला गुंडाळायचा मऊ थर. एका आजींच्या ऑपरेशनला कफ मी बांधला होता. पाय वर धरून पेंटिंग, म्हणजे कातडीला जंतुनाशक लावणं, चाललेलं, स्पिरिट सढळ हाताने ओतलेलं, त्याचा ओघळ थेट मांडीमागे गेला. कफच्या खालच्या कडेला ओघळ अडवणारा चिकट ड्रेप (प्लॅस्टिकचा पडदा) लावायचा राहून गेला होता. तसाच कफ फुगवला. सव्वा तासाने काढला तर मांडीभोवती लालभडक पट्टा, दुसऱ्या दिवशी टपोरे फोड. दाबाखाली अडकलेलं स्पिरिट उडून जात नाही, ते कातडी भाजतं. गुडघा उत्तम बसला होता, पण फिजिओने पाय सरळ उचलायला सांगितला की आजी म्हणायच्या, "गुडघ्याचं काही नाही रे बाळा, मांडी पेटलीय." वॉकर धरून चालायलाच त्यांना चार दिवस जास्त लागले.

तेव्हापासून चिकट ड्रेप लावल्याशिवाय मी पेंटिंग सुरू करू देत नाही. ते झालं की कफच्या वरच्या कडेने बोट घालून मांडीच्या मागचा वेलबँड चाचपतो. ओलसर लागला तर सगळं सोडून नव्याने बांधतो. सर्जन ओरडले तरी चालेल.

दुसरी चूक, "साडेतीनशेवर लाव," म्हणजे कफचा दाब ३५० मिमी पारा. काटकुळे आजोबा असोत की जाड मांडीच्या काकू, आकडा तोच! डॉपलरने (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) पायाची नाडी ऐकत कफ फुगवा. आवाज थांबेल तो आकडा १३० पर्यंत असेल तर ४० मिळवा, १३१ ते १९० असेल तर ६०, त्यापुढे ८०. बहुतेकदा साडेतीनशेच्या बऱ्याच खाली काम भागतं. जादा दाब मांडीच्या स्नायूला आणि नसांना चेचतो, आणि पेशंटला उभं करतो तो तोच स्नायू. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) तर टूर्निकेट न वापरलेल्यांना पहिल्या दिवशी वेदना कमी आणि गंभीर गुंतागुंतही कमी दिसली. काही सर्जन आता फक्त नवा सांधा सिमेंटने बसवण्यापुरताच कफ फुगवतात, मला ते मनापासून पटतं.

अँटिबायोटिक कफ फुगवण्याआधी पूर्ण आत गेलेलं हवं, नंतर ते पायात पोचत नाही.

वेळ फळ्यावर लिहा, तासाने मोठ्याने सांगा. दोन तासांपुढे जाऊ नका.

पायाच्या रक्तवाहिनीचं बायपास झालेलं असेल तर सर्जनला विचारल्याशिवाय कफला हात लावू नका.

कफची हवा सोडण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगा, बीपी घसरतं. सोडल्यावर कफ आणि वेलबँड दोन्ही लगेच काढा, नुसता वेलबँड राहिला तरी शिरा आवळल्या जातात. कातडी चहूबाजूंनी बघून नोंद करा आणि वॉर्डातल्या सिस्टरना मांडीही बघायला सांगा, नाहीतर सगळ्यांची नजर गुडघ्याच्या पट्टीवरच राहते.