ऑरगॅनिक सोलर पॅनल उन्हापावसात किती टिकतं? गच्चीवर चाचणी अशी घ्या

ऑरगॅनिक सोलर पॅनलमध्ये सिलिकॉनऐवजी कार्बनी संयुगांचा अगदी पातळ थर असतो. पॅनल हलकं आणि वाकणारं, पण ऑक्सिजन, बाष्प आणि अतिनील किरण हे त्याचे वैरी. पॅनलवर छापलेली क्षमता १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाशात, २५ अंशांना मोजलेली असते. एवढ्या उन्हात पॅनल २५ अंशांवर राहतच नाही, त्यामुळे खरी पारख बाहेरच होते.

एकाच बनावटीची दोन पॅनल घ्या आणि दोघांचं पहिलं रीडिंग एकाच दिवशी नोंदवा. मग एक गच्चीवर, दुसरं सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात, अंधारात. पुढे पॅनल उतरलं की मीटर बिघडला अशी शंका आली, तर निवाडा डब्यातलं पॅनल करेल.

गच्चीवरचं पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, गावाच्या अक्षांशाइतकं तिरकं (पुण्यात साधारण १८.५ अंश) पक्कं बसवा. टाकीची किंवा कपड्यांच्या दोरीची सावली पडता कामा नये. शेजारी त्याच कोनात प्रकाश मोजायला पायरॅनोमीटर हवा. तो महाग वाटला तर १००० वॅट प्रति चौरस मीटर उन्हात किती करंट देतो ते लिहून दिलेला छोटा सिलिकॉन सेल चालेल, कारण त्याचा शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडल्यावर वाहणारा) प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो. मात्र सिलिकॉनला अवरक्त किरणही दिसतात, ऑरगॅनिकला बहुतेक दृश्य प्रकाशच. ढगांतलं बाष्प अवरक्त शोषतं, त्यामुळे ढगाळ दिवशी ऑरगॅनिक पॅनल उगाच सरस वाटतं. तुलना निरभ्र दिवसाची निरभ्र दिवसाशीच करा. पॅनलच्या पाठीला तापमानाचा सेन्सर चिकटवा.

आता मोजणी. दुपारी बाराच्या सुमारास पॅनलला रिओस्टॅट (रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) जोडा, रोध कमी करत जा आणि प्रत्येक टप्प्यावर व्होल्टेज आणि करंट लिहा. व्होल्टमीटरच्या वायर थेट पॅनलच्या टर्मिनलवर लावा, नाहीतर लांब वायरमधली घट पॅनलच्या खात्यावर पडते. दोन्हींचा गुणाकार जिथे सर्वात मोठा, ती कमाल शक्ती. समजा ६ व्होल्टला ८० मिलिअँपिअर मिळाले, म्हणजे ०.४८ वॅट. पॅनल १० बाय २० सेंटिमीटरचं आणि ऊन ८०० वॅट प्रति चौरस मीटरचं असेल, तर त्यावर १६ वॅट पडतायत. कार्यक्षमता ३ टक्के. नुसते वॅट लिहून ठेवले तर ऊन बदललं की पॅनल, ते कधीच कळणार नाही.

मोजून झालं की पॅनल मोकळं सोडू नका. या चाचणीत सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. ओपन सर्किटमध्ये, म्हणजे काहीही न जोडता, उन्हात पडलेलं ऑरगॅनिक पॅनल अनेकदा लोडवर (वीज वापरणारं काही जोडून) चालणाऱ्यापेक्षा लवकर खराब होतं, आणि मग आपण प्रत्यक्ष वापराची चाचणी करतच नसतो. वरच्या उदाहरणात ६ भागिले ०.०८, म्हणजे ७५ ओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर कायम जोडून ठेवा. कमाल शक्तीचा बिंदू शोधत राहणारा ट्रॅकर परवडला तर फारच उत्तम.

सुरुवातीला रोज मोजा, कारण पहिली घसरण झपाट्याने होते. याला बर्न-इन म्हणतात. पुढे उतार मंदावतो, तेव्हा आठवड्यातून एकदा पुरे. धूळ पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर, दोन्ही रीडिंग घ्या.

पावसाळ्यात पॅनल आत आणायचा मोह टाळा, कोकणात तर नक्कीच. बाष्प कडेच्या सीलमधून आणि वायर बाहेर येते तिथून शिरतं. दर आठवड्याला त्याच उजेडात फोटो काढा: कडेने आत सरकणारे डाग, फुगे, उडालेला रंग.

कार्यक्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ म्हणजे टी-८०. तो पहिल्या दिवसापासून मोजला की बर्न-इननंतर, हे आकड्याशेजारीच लिहा. २०११ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनी ठरवलेल्या आयसॉस पद्धतीत बाहेरच्या चाचणीचे तीन स्तर आहेत. बाहेरच्याच उन्हात मोजणं हा त्यांतला दुसरा, ओ-२. आपली नोंद त्याच धाटणीची ठेवली, लोड आणि हवामानाचा तपशील दिला, तर दुसऱ्या गावच्या पॅनलशी ती ताडून बघता येईल.