धुरातले पीएएच मोजताय? या चुका गावातच टाळा

मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्याआधी वऱ्हाडात धुऱ्यावर पऱ्हाटी आणि तुराट्या जळून झालेल्या असतात. या धुरातल्या बारीक कणांना चिकटून येतात ते पीएएच, म्हणजे पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन. त्यातल्या बेंझो-ए-पायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत त्याची वार्षिक सरासरी मर्यादा आहे घनमीटरला १ नॅनोग्रॅम. इतका नाजूक आकडा बहुतेकदा प्रयोगशाळेतल्या यंत्रावर बिघडत नाही, नमुना घेतानाच बिघडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हवेच्या हिशोबाची. एका गावात शाळेच्या गच्चीवर आम्ही सॅम्पलर (हवा फिल्टरमधून ओढणारी मशीन) लावला. मिनिटाला १.१ घनमीटर, २४ तास, म्हणजे १५८४ घनमीटर, असं वहीत लिहून मोकळे झालो. फिल्टरवर १९८० नॅनोग्रॅम बेंझो-ए-पायरीन निघालं, भागाकार आला १.२५. नंतर मशीनचे चालू तास मोजणारा तासमीटर पाहिला तर ती १५ तासच चाललेली. हवा गेली ९९० घनमीटर, खरा आकडा २. शेजारच्या काकूंना विचारलं, “चूल केव्हा पेटते?” त्या म्हणाल्या, “सहा वाजता पेटते जी. तवाच तर लाइन जाते.” म्हणजे गावात धूर सगळ्यात दाट असताना आमची मशीन बंद! तो २ सुद्धा दिवसाची सरासरी नव्हता. तेव्हापासून मी घड्याळावर नाही, तासमीटरवर हिशोब करते, वीज कोणत्या तासांत गेली ते लिहून ठेवते, आणि संध्याकाळ हुकली तर नमुना पुन्हा घेते. फिल्टर भरत जातो तसा हवेचा वेगही घटतो, म्हणून सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही नोंदवा.

दुसरी चूक मे महिन्यातली. पारा ४५ च्या पुढे असताना फेनँथ्रीनसारखी, कार्बनच्या तीन कड्यांची हलकी पीएएच संयुगं फिल्टरवरून उडून जातात. फक्त फिल्टर तपासून ‘एकूण पीएएच’ लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक आहे. एकूण हवं असेल तर उडालेली संयुगं धरायला फिल्टरमागे पॉलियुरेथेन फोम लावा. बेंझो-ए-पायरीन पाच कड्यांचं, ते कणांवर टिकतं. पण ऊन आणि ओझोन त्यालाही खातात. त्यामुळे नमुना झाला की फिल्टर मशीनवर ठेवू नका. काळी बाजू आत घेऊन घडी घाला, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, बर्फाच्या डब्यात ठेवा. जीपच्या डॅशबोर्डवर तर नकोच. प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको, तिच्यातले थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) तपासणीच्या आलेखावर नको तिथे शिखरं काढतात.

फिल्टर क्वार्ट्झचा घ्या, आधी भट्टीत साधारण ४५० अंशांवर काही तास भाजून. दर फेरीत एक कोरा फिल्टर गावात नेऊन, मशीनवर चढवून, हवा न ओढता परत आणा. लोक हे टाळतात. पण त्याच्याशिवाय फिल्टरवर आलेलं गावातलं की आपल्या हातचं, हे ओळखणार कसं?

प्रयोगशाळेत दोन ठिकाणी जपा. फिल्टरमधून द्रावकात काढलेला अर्क नायट्रोजन वायूच्या झोताखाली आटवताना कोरडा पडू देऊ नका, हलकी संयुगं तिथेच जातात. किती गेली ते कळावं म्हणून ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले, म्हणून वेगळे ओळखू येणारे) पीएएच ठरावीक मापात, अर्क काढण्याआधीच फिल्टरवर टाका; नंतर टाकलं तर आधीचं नुकसान दिसतच नाही. दुसरं, बेंझो-ए-पायरीनचं जुळं भावंड बेंझो-ई-पायरीन. त्याचं रेणुवस्तुमानही २५२ आणि आलेखावरचं शिखर अगदी शेजारी. दोघांची प्रमाण द्रावणं यंत्रावर वेगवेगळी चालवून प्रत्येकाचं शिखर येण्याची वेळ पक्की केल्याशिवाय शिखराला नाव लावू नका.

आणि गावकऱ्यांना आकडा सांगताना एका दिवसाचा आकडा वार्षिक मर्यादेशी थेट लावू नका. पऱ्हाटी जळते त्या आठवड्याचा वेगळा सांगा, पावसाळ्यातला वेगळा.